डोळ्यावरची स्क्वॅमस गाठ आणि तिचा बायोप्सी रिपोर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी या भागांतून डोळ्यावरच्या गाठीचा तुकडा तपासणीला येतो, तेव्हा बहुतेक वेळा घरातलं कुणीतरी बाटली घेऊन स्वतः आलेलं असतं. चार-सहा दिवसांनी तेच माणूस रिपोर्ट न्यायला येतं. रिपोर्ट इंग्रजीत असतो, डॉक्टरांनी समजावलेलं निम्मं कन्नडमध्ये असतं आणि घरी जाऊन सांगायचं असतं मराठीत. त्या खिडकीपाशी मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. कोणतं औषध, कोणती शस्त्रक्रिया, हे तुमचे डोळ्यांचे डॉक्टर ठरवतील. काचपट्टीवर काय दिसतं आणि रिपोर्टमधल्या कुठल्या ओळीला किती वजन द्यायचं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

डोळ्यावर कॅन्सर होतो? आम्ही तर फक्त मोतीबिंदू आणि काचबिंदू ऐकलेत.

होतो. डोळ्याचा पांढरा भाग एका पातळ, पारदर्शक आवरणाने झाकलेला असतो. त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. बुबुळावरचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल. दोन्हींच्या वरच्या बाजूला पेशींचे थर एकावर एक रचलेले असतात. त्या थरांतल्या चपट्या पेशी म्हणजे स्क्वॅमस पेशी. त्यांच्यात बिघाड होऊन जी वाढ होते, तिच्या सगळ्या पायऱ्यांना मिळून डॉक्टर 'ऑक्युलर सरफेस स्क्वॅमस निओप्लेशिया' म्हणतात, थोडक्यात ओएसएसएन. ली आणि हर्स्ट या डॉक्टरांनी १९९५ मध्ये हे सामायिक नाव रूढ केलं. अगदी सौम्य बिघाडापासून आत घुसलेल्या कर्करोगापर्यंत सगळं या एका नावाखाली येतं. म्हणून नुसतं 'ओएसएसएन' ऐकून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. कुठली पायरी, ते विचारा.

ही वाढ बहुतेकदा पांढरा भाग आणि बुबुळ जिथे मिळतात त्या कडेवर, लिंबसवर, सुरू होते. तीही नाकाच्या किंवा कानशिलाच्या बाजूला, म्हणजे पापण्या उघड्या असताना ऊन थेट पडतं त्या पट्ट्यात. पारपटलाचा वरचा थर आयुष्यभर नवा करत राहणाऱ्या मूळ पेशी याच कडेवर असतात. सतत विभागणाऱ्या पेशी आणि सतत पडणारं ऊन एका जागी आले की बिघाड तिथेच सुरू होणं स्वाभाविक आहे.

रिपोर्टवर 'सीआयएन २' लिहिलंय. मोबाइलवर शोधलं तर गर्भाशयाच्या मुखाचा आजार दाखवतो. रिपोर्ट बदलला का?

बदललेला नाही. ही दोन वेगळ्या आजारांची सारखी आद्याक्षरं आहेत. डोळ्याच्या रिपोर्टमध्ये 'सी' म्हणजे कंजंक्टायव्हा, म्हणजेच नेत्रश्लेष्मला. रिपोर्टवरचं नाव, वय, उजवा की डावा डोळा हे मात्र तपासून घ्याच.

मग १, २, ३ हे आकडे कशाचे?

काचपट्टीवर आम्ही थर उभा कापलेला पाहतो. खाली पायाशी एक ओळ छोट्या, गडद पेशींची असते. वर जाल तशा पेशी मोठ्या आणि चपट्या होत जातात, त्यांचं केंद्रक लहान होतं. मध्ये मध्ये श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी दिसतात. खालून वर जाताना पेशीचं रूप शिस्तीने बदलत जातं, हे निरोगी थराचं लक्षण.

बिघाड पायाशी सुरू होतो. पेशींची दिशा हरवते, त्या वेड्यावाकड्या उभ्या राहतात. केंद्रक मोठं आणि गडद होतं, पेशीतली जवळजवळ सगळी जागा तेच व्यापतं. एका केंद्रकाचा आकार दुसऱ्याशी जुळत नाही. पेशीविभाजन एरवी फक्त तळाशी दिसायला हवं, ते वरच्या थरांतही दिसू लागतं. काही पेशी थराच्या मध्यातच अवेळी केराटिन (कातडी-नखांत असतं ते कडक प्रथिन) धरून गुलाबी, गोल होतात.

हा बिघाड थराच्या खालच्या एक तृतीयांशापुरता असेल तर सीआयएन १, म्हणजे सौम्य डिस्प्लेशिया. मधल्या तृतीयांशापर्यंत पोचला तर सीआयएन २, मध्यम. त्याच्याही वर गेला तर सीआयएन ३, तीव्र. तळापासून माथ्यापर्यंत एकही पेशी धड उरली नसेल तर कार्सिनोमा इन सिटू. तीव्र डिस्प्लेशिया आणि इन सिटू यांच्यातली रेघ फार बारीक आहे. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टही तिथे वेगवेगळं लिहू शकतात आणि त्याने उपचारात सहसा फरक पडत नाही.

मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटणारी खूण या आकड्यांत येत नाही. ती म्हणजे काठ. ओएसएसएनमध्ये निरोगी थर चालू असतो आणि अचानक, एखाद्या पेशीच्या अंतरावर, बिघडलेला थर सुरू होतो. दाह, कोरडेपणा किंवा जुनी चोळामोळ यामुळे थर जाड झाला असेल, तर तो बदल हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. कमी भिंगाखाली काच सरकवताना ही तुटक सीमा दिसली की मी थांबतोच.

'इन सिटू' म्हणजे कॅन्सर झाला की नाही? एकच सांगा.

पेशी कर्करोगासारख्या झाल्या आहेत, पण अजून आपली जागा सोडून गेलेल्या नाहीत.

थराच्या खाली बेसमेंट मेम्ब्रेन नावाचा अतिशय पातळ पडदा असतो. वरच्या थरात रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्या नसतात, त्या या पडद्याच्या खाली असतात. शेजाऱ्याचं तण कितीही माजलं तरी बांधापलीकडे असेल तोवर आपलं रान वाचतं, तसा हा पडदा शाबूत असेतोवर पेशी शरीरात दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये मी आधी एकच ओळ शोधायला सांगतो : 'बेसमेंट मेम्ब्रेन इन्टॅक्ट' (पडदा शाबूत) लिहिलंय की 'ब्रीच्ड' (पडदा फुटलेला). आकडा कुठलाही असो, पुढचा रस्ता या ओळीपाशी फुटतो.

शंका असेल तर आम्ही पीएएस नावाचा रंग वापरतो. त्याने हा पडदा किरमिजी रेघेसारखा उठून दिसतो आणि ती रेघ कुठे तुटली का, ते पाहता येतं.

आणि तो पडदा ओलांडला असेल तर काचेवर काय दिसतं?

त्याला इन्व्हेजिव्ह स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात. पेशींची टोकदार बोटं किंवा सुटी बेटं खालच्या तंतुमय भागात उतरलेली दिसतात. त्यांच्याभोवती लिम्फोसाइट पेशींची गर्दी जमते, शरीर प्रतिकार करतंय याची ती खूण. पेशी अजून आपलं मूळ काम विसरल्या नसतील तर बेटाच्या मध्यभागी केराटिनचे गोल गोल वेढे दिसतात. ते केराटिन पर्ल. असे मोती भरपूर असतील तर 'वेल डिफरन्शिएटेड', कमी असतील तर 'मॉडरेट', आणि शोधूनही सापडत नसतील तर 'पुअर्ली डिफरन्शिएटेड'. 'वेल' वाचून सगळं ठीक आहे असा अर्थ काढू नका. पेशी मूळ पेशीशी किती जुळते, एवढंच तो शब्द सांगतो.

डोळ्यावरच्या या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण वेळेत आले तर डोळा राखून बरे होतात. दूर पसरणं कमी दिसतं. पसरलाच तर आधी कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लसिकाग्रंथींत जातो, म्हणून डॉक्टर तिथे बोटं लावून पाहतात. मला जास्त काळजी वाटते ती उशिरा आलेल्यांची. तेव्हा गाठ खोबणीत किंवा डोळ्याच्या आत उतरलेली असते आणि डोळा काढण्यावाचून इलाज उरत नाही.

'स्पिंडल सेल', 'म्युकोएपिडर्मॉइड' असं काही लिहिलंय. हे वेगळं आहे का?

वेगळं आहे आणि दुर्लक्ष करण्यासारखं नाही. हे दोन आणि आणखी एक, असे तीन प्रकार दुर्मिळ आहेत, पण एरवीच्या ओएसएसएनपेक्षा आक्रमक वागतात.

स्पिंडल सेल प्रकारात पेशी चपट्या न राहता लांबट, चातीसारख्या होतात. काचेवर तंतुमय ऊतीच्या गाठीसारखं चित्र दिसतं आणि दिशाभूल होऊ शकते. तेव्हा सायटोकेराटिन या वरच्या थराच्या पेशींतल्या प्रथिनाची इम्युनो तपासणी (ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) करावी लागते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे पेशींचं मूळ वरच्या थरातच आहे हे ठरतं.

म्युकोएपिडर्मॉइड प्रकारात स्क्वॅमस पेशींबरोबर श्लेष्मा भरलेल्या पेशी असतात. म्युसिकार्मिन किंवा अल्शियन ब्लू या रंगांनी तो श्लेष्मा दाखवता येतो. हा प्रकार लवकर खोल जातो, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीतून आत शिरू शकतो आणि पुन्हा पुन्हा उद्भवतो. काढल्यावर काही महिन्यांतच परत आलेली गाठ हाती आली, तर मी जुनी काच मागवून श्लेष्म्याचा रंग करून पाहतो.

तिसरा ॲडेनॉइड किंवा ॲकँथोलायटिक. यात पेशी एकमेकींना सोडतात आणि मध्ये ग्रंथीसारख्या पोकळ्या दिसतात, पण त्या खऱ्या ग्रंथी नसतात.

रिपोर्टवर यांतलं एखादं नाव असेल तर पुढच्या तपासण्या आणि भेटी जास्त कडक असणार, हे घरच्यांनी गृहीत धरावं.

वडस काढला. डॉक्टर म्हणाले तुकडा तपासायला पाठवू. साध्या वडसासाठी पैसे कशाला?

हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो आणि यावर माझं मत ठाम आहे : काढलेला प्रत्येक वडस तपासायला गेला पाहिजे.

वडस म्हणजे पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ, टेरिजियम. वडस आणि ओएसएसएन एकाच जागी होतात, लिंबसवर. दोन्हींचं मुख्य कारण ऊन. वडसाच्या काचेवर खालच्या तंतूंमध्ये उन्हाने झालेली निळसर-करडी झीज दिसते, तिला इलास्टोसिस म्हणतात. ओएसएसएनच्या खालीही ती पुष्कळदा असतेच. एखाद्या वडसाच्या माथ्यावर दोन-तीन मिलिमीटरचा डिस्प्लेशिया लपलेला असेल, तर नुसत्या डोळ्यांनी, कधीकधी यंत्राखालीही, तो ओळखता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये साधे वडस म्हणून काढलेल्या नमुन्यांची नीट तपासणी झाली, तेव्हा जवळपास १० टक्क्यांत ओएसएसएन सापडला. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथलं ऊन तीव्र आणि माणसं गोऱ्या कातडीची. इतर ठिकाणी हे प्रमाण पुष्कळ कमी निघालं आहे. तरी रायबाग-अथणीच्या उसात किंवा खानापूरच्या भातशेतात चाळीस वर्षं उघड्या डोळ्यांनी राबलेल्या माणसाला मी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण लांबचं आहे असं सांगणार नाही.

शिबिरात एका दिवशी बरेच वडस काढले जातात आणि तुकडे तिथेच टाकून दिले जातात, हे मी पाहिलं आहे. मला ते फार लागतं. त्यातला एखादा वडस दोन वर्षांनी 'परत वाढला' म्हणून येतो तेव्हा पहिल्या वेळी काय होतं, हे सांगणारं काहीच शिल्लक नसतं.

तुकडा नेताना काय काळजी घ्यायची? आम्ही एसटीने आणणार आहोत.

अर्धी काळजी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घ्यावी लागते, म्हणून हे उत्तर डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठीही आहे.

डोळ्यावरून काढलेला तुकडा अतिशय पातळ असतो. तो तसाच बाटलीत टाकला तर औषधात पडताक्षणी गुंडाळतो. गुंडाळलेला तुकडा मेणात बसवून कापला की थर उभा न कापता तिरका कापला जातो. तिरक्या कापात निरोगी थराचा तळसुद्धा खाली उतरलेल्या बेटांसारखा दिसतो. म्हणजे नसलेलं इन्व्हेजन दिसू शकतं, किंवा असलेलं झाकलं जाऊ शकतं. इतकी मोठी चूक इतक्या लहान कारणाने होते.

उपाय सोपा आहे. तुकडा निर्जंतुक कागदाच्या किंवा पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर पसरवायचा, वरची बाजू वर. कागदाला चिकटेपर्यंत थोडा वेळ थांबायचं आणि मग कागदासकट बाटलीत सोडायचा. नाकाकडची बाजू कुठली, बुबुळाकडची कुठली, हे टाक्याने दाखवायचं आणि मागणीपत्रावर साधं चित्र काढायचं. ते चित्र असेल तर रिपोर्टमध्ये 'वरची कड बाधित' असं लिहिता येतं. नसेल तर 'एक कड बाधित' एवढंच लिहून थांबावं लागतं आणि सर्जनला नेमकं कुठे पुन्हा जायचं ते कळत नाही.

बाटलीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनच हवं, तुकड्याच्या निदान दहापट. सलाइन, पाणी किंवा स्पिरिट चालत नाही. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा सडू लागतो, स्पिरिटमध्ये आकसतो. रुंद तोंडाची बाटली घ्या. वाटेत वास येतो म्हणून औषध ओतून पाणी भरू नका. बर्फात ठेवू नका. निपाणीहून बेळगावपर्यंतच्या प्रवासाने फॉर्मॅलिनमधल्या तुकड्याचं काही बिघडत नाही, अगदी दुसऱ्या दिवशी पोचला तरी. बाटलीच्या अंगावर नाव लिहा; झाकण बदलू शकतं.

रिपोर्ट म्हणतो 'पाहिलेल्या छेदांत इन्व्हेजन नाही', तरी डॉक्टर खोल छेद मागतायत. विश्वास कुणावर ठेवायचा?

दोघांवर. आम्ही मेणाच्या ब्लॉकमधून चार-पाच मायक्रॉन जाडीचा छेद घेतो. गाठीच्या मानाने ती एक चकती आहे. बाधा दुसऱ्या चकतीत असू शकते. डॉक्टरांना गाठ भिंतीला घट्ट चिकटलेली, हलवून न हलणारी वाटली असेल, तर ब्लॉक आणखी खोल कापून पाहणं योग्यच. त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही.

फक्त छोटा चिमटा घेतलेली बायोप्सी असेल तर ही मर्यादा आणखी मोठी. अशा नमुन्यावर 'इन सिटू' लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ 'निदान इन सिटू' असा घ्यावा.

'मार्जिन्स इन्व्हॉल्व्ड' म्हणजे डॉक्टरांकडून राहून गेलं का?

असं म्हणणं अन्यायाचं होईल. काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत बिघडलेल्या पेशी दिसल्या, एवढाच त्याचा अर्थ. डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडेही बिघडलेला थर सपाटपणे पसरलेला असू शकतो. म्हणूनच सर्जन गाठीभोवती साधारण ४ मिलिमीटर निरोगी दिसणारा भागही काढतात, गाठीला हत्यार लावत नाहीत, पारपटलावरचा थर अल्कोहोलने सैल करून उचलतात आणि कडा दोनदा गोठवतात. १९९७ मध्ये शील्ड्स दांपत्याने या 'नो टच' पद्धतीची नीट मांडणी केली. गोठवण्याचा हेतूच हा की कडेवर न दिसलेल्या पेशी राहिल्या तर त्या मराव्यात.

कडा बाधित असतील तर गाठ परत येण्याची शक्यता बरीच वाढते, हे खरं. मग डॉक्टर औषधाचे थेंब देतात किंवा पुन्हा शस्त्रक्रिया सुचवतात. बाजूच्या कडेपेक्षा खोलीची कड बाधित असणं जास्त गंभीर. रिपोर्टमध्ये दोन्ही वेगवेगळ्या लिहिल्या आहेत का, ते पाहा. नसतील तर मोकळेपणाने विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आईच्या डोळ्यावरची गाठ काळपट आहे. मेलेनोमा म्हणायचं का?

लगेच नाही. मेलेनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ लोकांत लिंबसजवळ मुळातच रंगपेशी जास्त असतात. ओएसएसएन वाढताना त्या रंगपेशी आपले फाटे पसरून वाढत्या थरात मिसळतात आणि गाठ तपकिरी ते काळी दिसते. काचेवर स्क्वॅमस पेशी बिघडलेल्या दिसतात, मधल्या रंगपेशी मात्र निरोगी असतात. संशय राहिला तर मेलन-ए आणि एचएमबी-४५ या इम्युनो तपासण्या फरक दाखवतात. काळा रंग पाहून मोठी शस्त्रक्रिया ठरवू नये आणि 'तीळ आहे' म्हणून सोडूनही देऊ नये. आधी तुकडा.

मुलाच्या डोळ्यात पांढरा डाग आहे. त्यालाही हेच?

बहुधा नाही. लहान मुलांत कानशिलाच्या बाजूला फेसाळ पांढरा डाग दिसला आणि रातांधळेपणा असेल, तर जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता आधी पाहावी. तिथे थर केराटिन धरतो आणि गॉब्लेट पेशी नाहीशा होतात, पण केंद्रकं बिघडलेली नसतात.

मऊ, तुरेदार, लालसर गाठ असेल तर पॅपिलोमा असू शकतो. काचेवर रक्तवाहिनीच्या दांड्याभोवती निरोगी पेशींची बोटं दिसतात. एचपीव्ही ६ आणि ११ या विषाणूंशी त्याचा संबंध आहे. तो कर्करोग नव्हे, पण परत येतो.

एक अपवाद मनावर घ्या. मुलाला उन्हाचा अतोनात त्रास होतो, तोंडावर लहानपणापासून काळे ठिपके आहेत आणि डोळ्यावर गाठ आली, तर झेरोडर्मा पिग्मेंटोझम असू शकतो. उन्हाने डीएनएला झालेली इजा त्या मुलांचं शरीर दुरुस्त करू शकत नाही, म्हणून कोवळ्या वयातच खरा ओएसएसएन होतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं, त्यामुळे आम्हाला हा आजार विसरून चालत नाही. घरातल्या इतर भावंडांनाही दाखवून घ्या.

डोळ्याच्या गाठीसाठी एचआयव्ही तपासणी का सांगितली? आमच्या माणसाबद्दल संशय घेतला असं वाटलं.

वाटणं समजू शकतो, पण यात संशय नाही. १९९० च्या दशकात युगांडात एचआयव्ही पसरला तसा तरुणांमध्ये डोळ्याचा हा कर्करोग झपाट्याने वाढलेला दिसला. प्रतिकारशक्ती कमी असली की बिघडलेल्या पेशी मोकाट वाढतात. त्यामुळे विशेषतः पन्नाशीच्या आतल्या माणसात, किंवा गाठ मोठी आणि वेगाने वाढणारी असेल, तर जगभर ही तपासणी सांगितली जाते. कधीकधी डोळ्यावरची गाठच पहिली खूण ठरते. तेव्हा एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू होऊन जीव वाचतो.

सरकारी आयसीटीसी केंद्रात ही तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. गावात कळेल या भीतीने ती टाळू नका.

ऊन, तंबाखू, विषाणू : खरं कारण कुठलं?

ऊन सर्वांत पक्कं. न्यूटन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की विषुववृत्तापासून दर १० अंश दूर गेलं की डोळ्याच्या स्क्वॅमस कर्करोगाचं प्रमाण ४९ टक्क्यांनी घटतं. बेळगाव १६ अंशांच्या जवळ आहे. अतिनील किरणांनी पी-५३ या रक्षक जनुकात ठरावीक प्रकारचे बदल होतात आणि ते या गाठींत सापडतात. धूम्रपानाचाही संबंध दाखवला गेला आहे, निपाणी भागात विडी ओढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एचपीव्ही १६ आणि १८ काही ठिकाणच्या नमुन्यांत भरपूर सापडले, काही ठिकाणी जवळजवळ नाहीतच.

रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा, बाजूनेही झाकणारा चष्मा शेतात वापरावा. डोक्याला टॉवेल गुंडाळल्याने डोळ्यांना सावली मिळत नाही.

स्कॅन किंवा नुसत्या पेशी पुसून तपासणी होत नाही का?

दोन्हींचा उपयोग आहे. ओसीटी स्कॅनवर थर जाड, जास्त उजळ आणि अचानक सुरू झालेला दिसतो. काचेवर मी जी तुटक सीमा शोधतो, तीच तिथे दिसते. इम्प्रेशन सायटोलॉजीत कागद टेकवून वरच्या पेशी उचलतात. पण वरच्या पेशी पाहून तळातला पडदा फुटला का, हे सांगता येत नाही. जाड केराटिनचं आवरण असेल तर बिघडलेल्या पेशी कागदावर येतच नाहीत.

आधी थेंब घातले होते, ते सांगायला हवं का?

हो, नक्की. ५-एफयू, मायटोमायसिन किंवा इंटरफेरॉनचे थेंब कधीकधी शस्त्रक्रियेऐवजी किंवा तिच्या आधी देतात. मायटोमायसिननंतर निरोगी पेशीही फुगतात, केंद्रकं मोठी होतात, आत पोकळ्या दिसतात. न सांगता तुकडा आला तर हा आजारच वाटू शकतो.

दुकानातून स्वतः आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांबद्दलही सांगा. त्यांनी लाली उतरते, घरच्यांना बरं वाटतं आणि गाठ खाली वाढत राहते. मध, रुईचा चीक असलं काही घातलं असेल तर लाजू नका. आम्हाला रागवायचं नसतं, चित्र समजून घ्यायचं असतं.

रिपोर्टवर 'टी' पुढे आकडा आहे.

तो गाठीचा टप्पा. 'टीआयएस' म्हणजे इन सिटू. पडदा ओलांडलेली, पण शेजारच्या भागांत न शिरलेली गाठ ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर टी१, त्याहून मोठी असेल तर टी२. शेजारच्या भागांत शिरली तर टी३ आणि खोबणीत गेली तर टी४.

गाठ काढली, कडा स्वच्छ आहेत. आता सुटलो?

बऱ्याच अंशी. परत येण्याचं प्रमाण पहिल्या दोन वर्षांत जास्त असतं, पण अनेक वर्षांनीही ती परत आल्याची उदाहरणं आहेत. म्हणून सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा दाखवत राहा. ऊस कारखान्याला जाण्याच्या हंगामात हीच भेट चुकते. घरच्या तरुण मुलांनी ती तारीख आपल्या मोबाइलवर टाकावी.

पारपटलावर बोमन नावाचा मजबूत थर असतो. ओएसएसएन तो सहसा भेदत नाही. पण खरवडण्यात किंवा आधीच्या शस्त्रक्रियेत तो फाटला असेल, तर पेशींना आत जायला वाट मिळते. म्हणून पुन्हा काही वाढलं तर जिथे आधीची फाइल आहे अशाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

मिरजेला किंवा कोल्हापूरला दुसरं मत घ्यायचंय. पुन्हा तुकडा काढावा लागेल?

नाही. मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत जपलेल्या असतात. लेखी अर्ज आणि ओळखपत्र देऊन त्या मागता येतात. राज्याची हद्द ओलांडली म्हणून त्यात काही अडत नाही. नुसता रिपोर्ट घेऊन गेलात तर तिथले पॅथॉलॉजिस्ट माझंच वाक्य वाचतील. काच नेलीत तर ते स्वतः पाहून ठरवतील. इम्युनो तपासणी करायची असेल तर ब्लॉक लागतोच. काचा प्लॅस्टिकच्या डबीत उभ्या ठेवा. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. सोबत पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद आणि गाठीचा काढण्याआधीचा फोटो असेल तर तोही घ्या. काम झाल्यावर ब्लॉक परत आणून द्या. तीन वर्षांनी गाठ पुन्हा आली तर तुलना त्याच्याशीच करायची आहे.